छातीएवढी काव

चिंतामण मास्तर कधी खोटं बोलत नाहीत, ही गोष्ट अकोल्यात सगळ्यात जास्त वेळा कुणी सांगितली असेल तर ती खुद्द चिंतामण मास्तरांनी. तेल्हाऱ्याच्या एका भिक्षुकाचा हा मुलगा. वडिलांनी जन्मभर लोकांच्या घरी सत्यनारायण सांगितले आणि दक्षिणेच्या तांदळात खडे निघाले की यजमानाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मुलानं पोथी सोडली. मनातल्या मनात ठेवायची सवय मात्र जशीच्या तशी उचलली. अकोल्याच्या एका खाजगी हायस्कुलात अंकगणित शिकवता शिकवता त्यांनी उभं गाव तपासलं आणि एकजात नापास केलं. हेडमास्तर अडाणी, पालक त्याहून अडाणी, वकील लुच्चे, कापसाचे अडते तर बोलायलाच नको. पास झालेला इसम एकच, आणि तो त्यांना रोज सकाळी दाढीच्या आरशात भेटे.

मास्तरांचं सत्य हे कुलपातलं सत्य होतं. किल्ली मागितली तर काढून देत. मागितली नाही तर वर्षानुवर्षं ते आत पडून राही, आणि त्याचं मास्तरांना काहीच वाटत नसे. उलट, न मागणाऱ्या माणसाकडे ते अशा नजरेनं बघत, जशा नजरेनं ते सोपं त्रैराशिक चुकवणाऱ्या पोराकडे बघत.

ही विद्या त्यांना शाळेत मिळाली नव्हती, घर घेताना मिळाली होती. स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्षी, वैशाखात, त्यांनी मोर्णा नदीच्या काठावरच्या एका गल्लीत घर घेतलं. विकणारा वकील होता. वकिलाकडून घर घ्यायचं म्हणून मास्तरांनी कंबर कसून चौकशी केली. रजिस्ट्री कचेरीतून मालकीचा सर्च काढला. दारं-खिडक्या बोटांनी वाजवून वाळवी पाहिली. विहिरीचं पाणी चाखलं, त्यात डाळ शिजवून पाहिली. वडिलांना तेल्हाऱ्याहून बोलावून घराचं तोंड, दाराच्या मापावरून निघणारा शुभाशुभ आय, स्वतःच्या राशीशी त्याचं जुळणं, सगळं करून घेतलं. परसदारी नदी होती. त्या दिवसांत तिचं पाणी धोतराच्या काठाएवढं, त्यात म्हशीसुद्धा बुडत नव्हत्या. त्या नदीकडे बाप-लेकांनी एकदा पाहिलं आणि ‘वाऱ्याला बरं’ एवढं म्हणून दार लावून घेतलं.

श्रावणात नदी घरात आली. ओसरीवरून आली, माजघरातून गेली, आणि चुलीपाशी दोन दिवस मुक्काम करून राहिली.

मास्तर तणतणत वकिलाकडे गेले. त्यानं आता कोर्टाकडच्या उंच भागात बंगली बांधली होती. वकिलानं त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि शांतपणे म्हणाला, “मास्तर, तुम्ही वाळवी पाहिली, पत्रिका पाहिली, विहीर पाहिली. नदी घराच्या मागेच आहे. ती काय मी पेटीत लपवून ठेवली होती? एका शब्दानं विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का?”

दुसरा कुणी असता तर तो कप त्याच्या अंगावर फेकून आला असता. मास्तर मात्र परत येताना वाटेत थबकले. संताप कुठल्या कुठे गेला आणि त्यांना त्या वकिलाचं कौतुकच वाटायला लागलं. काय बिनतोड बोलला! गणितासारखं! आपण मूर्ख ठरलो होतो, पण नियम सापडला होता. आता तो नियम दुसऱ्या कुणावर तरी लावायचा तेवढा राहिला.

गल्लीला हा नियम आधीपासूनच पाठ होता. तिचं मूळ नाव डोहाची गल्ली. घरं खपेनात म्हणून गल्लीकरांनी नगरपालिकेत अर्ज करून तिचं नाव शारदा गल्ली करून घेतलं होतं. गल्लीच्या सगळ्या भिंतींना आतून-बाहेरून खाली काव असे. काव म्हणजे गेरूच्या जातीचा तांबडा रंग. इतर मोहल्ल्यांत तो पट्टा वीतभर, फार तर गुडघ्यापर्यंत. शारदा गल्लीत तो छातीपर्यंत. पुराचा मळकट डाग चुन्यातून वर डोकावतो, भिंतीला लोणा फुटतो, तो त्या तांबड्या रंगाखाली झाकला जाई. पाणी चढेल तशी काव चढे. कुणी पाहुण्यानं विचारलंच तर सगळी गल्ली एका सुरात म्हणे, “आमच्याकडे अशीच पद्धत आहे.” घरं दाखवायची ती चैत्र-वैशाखात. पाऊस सुरू झाला की कुणी नुसती चौकशी करायला आला तरी घरमालक आजारी पडे. आणि मुख्य कायदा हा की, शेजाऱ्याच्या गिऱ्हाइकासमोर तोंडात गुळणी धरायची. आज त्याचं विकलं जाऊ दे, उद्या आपलं आहेच. असल्या एकजुटीनं या लोकांनी एखादा बांध घालून घेतला असता. पण बांध घालायला वर्गणी लागते, गप्प बसायला काहीच लागत नाही.

असे पंधराएक पावसाळे गेले. महाराष्ट्र झाला, मास्तर निवृत्त झाले, आणि त्यांच्या बायकोचे, रमाबाईंचे, गुडघे गेले. पाणी वाढू लागलं की गल्ली शिडीनं माळ्यावर चढे. मागच्या श्रावणात रमाबाईंना चढवेना. शेजारचे देवराव आणि गल्लीतले आणखी तिघे आले, त्यांना सतरंजीत घातलं आणि गव्हाचं पोतं चढवावं तसं वर ओढलं. वर गेल्यावर रमाबाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “हे शेवटचं. पुढल्या वर्षी मी या शिडीला हात लावणार नाही. खाली बुडून मरेन, पण सतरंजीत बसणार नाही.”

त्यांची मुलगी अनुपमा अमरावतीला कॅम्पात राहायची. तिच्या घरामागे दोन खोल्या रिकाम्या होत्या. पण मास्तरांना जावयाच्या घरी हात हलवत जायचं नव्हतं. घर विकून, स्वतःचं काही घेऊन जायचं होतं. म्हणजे वैशाखात घर विकलं गेलं पाहिजे. नाही गेलं तर श्रावण, शिडी आणि सतरंजी.

चैत्र संपता संपता गिऱ्हाइकं यायला लागली आणि मास्तरांना मोठी मजा यायला लागली.

पहिला अचलपूरचा कापडवाला. बरोबर ज्योतिषी घेऊनच आला. ज्योतिष्यानं दोरी टाकली, दार मोजलं, न्हाणीचं तोंड पाहिलं, आणि माजघरात येऊन थबकला. देवघर भिंतीत पार वर, मास्तरांच्या डोक्याच्याही वर होतं. पूजेला स्टुलावर चढावं लागे.

“वा!” ज्योतिषी म्हणाला. “देव कसे मानानं ठेवलेत पाहा. नाहीतर आजकाल लोक देवांना चपलांशेजारी बसवतात.”

कापडवाल्यानं हात जोडले. मास्तरांनीही जोडले, आणि मनात म्हणाले, गाढवा, देवांना मान म्हणून वर नाही ठेवलं; एकदा बाळकृष्ण वाहून गेला म्हणून ठेवलंय. विचार की, देव वर का? एकदा विचार, मी आत्ता सांगतो.

त्यानं विचारलं नाही. न्हाणीचं तोंड भलत्या दिशेला निघालं म्हणून घर नापसंत केलं.

दुसरा तेल्हाऱ्याकडचा, सरकीचा व्यापारी. त्याची बायको घरात शिरल्यापासून नाकाला पदर लावून फिरत होती. “या घरात बाळंतपणात कुणी गेलं आहे का?” तिनं विचारलं. मास्तरांनी खरं ते सांगितलं, कुणी नाही. “कुणी फाशी?” नाही. “विहिरीत?” नाही. व्यापाऱ्यानं विचारलं, शेजारी कोण? त्यांची यादी दिली. नळ कधी येणार? तेही सांगितलं. घरात बसलेल्या भुताखेतांची एवढी कसून तपासणी करणाऱ्या त्या जोडप्यानं परसदार उघडलं, मोर्णा बघितली, “धुणं धुवायला सोय आहे,” असं म्हटलं आणि परत लावून घेतलं. पुढे त्यांनी दुसरीकडे घर घेतलं, कारण इथल्या निंबावर त्यांना घुबड दिसलं.

“सगळे मेले आंधळे,” मास्तर संध्याकाळी रमाबाईंना म्हणाले. “तीन पिढ्या शिकल्या तरी पत्रिकेच्या वर यांची अक्कल जाणार नाही.”

“तुमची तरी कुठं गेली होती?” रमाबाई म्हणाल्या. “तुम्ही तर वडिलांनाही आणलं होतं.”

“मी त्यातून शिकलो.”

“काय शिकलात ते दिसतंय. सांगून टाका ना एखाद्याला. कमी भावात घेईल, पण घेईल.”

“न विचारता? मी काय दवंडी पिटू?”

वैशाखाच्या मध्यावर एक जोडपं आलं. धर्मपाल रस्ते-इमारतीच्या खात्यात ओव्हरसिअर होता, आणि त्याची बायको इंदूबाई सरकारी दवाखान्यात नर्स. छप्पन साली दोघांच्याही घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला होता. दोघं पगारदार, हातात पैसा, तरी भाड्याची खोली मिळवताना त्यांना गावभर हिंडावं लागलं होतं, कारण खोली रिकामी असायची ती नाव सांगेपर्यंत. म्हणून आता स्वतःचं घर.

मास्तरांनी त्यांना घरात घेतलं. त्याबद्दल त्यांनी स्वतःची पाठ लगेच थोपटली. धर्मपालनं जोत्याचे दगड पाहिले, कवेलूंखालचे वासे पाहिले, काळ्या मातीनं भिंतीला कुठं तडा दिलाय का ते पाहिलं. इंदूबाई भिंतीकडे वळल्याच नाहीत. त्या सरळ परसदारी गेल्या, नदीकडे पाहत उभ्या राहिल्या, मग आत येऊन त्यांनी देवघराकडे मान वर केली आणि विचारलं, “गुरुजी, पूर आला म्हणजे पाणी घरात कुठवर येते?”

मास्तरांनी पंधरा वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो आला होता. त्यांना बरं वाटायला हवं होतं. तेवढं वाटलं नाही. हा प्रश्न एखाद्या वकिलानं विचारला असता, निदान शास्त्र्यानं, तर त्याच्या हुशारीला दाद देता आली असती. इथं दाद कुणाला द्यायची, हे त्यांना ठरवता येईना. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी हात उचलून आपल्या छातीला लावला.

“एवढं. दरवर्षी नाही, दोन-तीन वर्षांआड. ओसरीवर मात्र दरवर्षी.”

“किती वेळ राहते?”

“दोन दिवस. कधी तीन.”

इंदूबाईंनी मान हलवली. मास्तरांना राहवेना. “तुम्हाला कसं सुचलं हे विचारायला? आजवर एकानं विचारलं नाही.”

“सुचायचं काय त्यात? आमच्या गावात पाणी शिरे तिथंच आमची वस्ती होती. कोरडी जागा आमच्यासाठी नव्हतीच. घर पाहायले गेली की मी आधी पाणी पाहते, मग भिंती.” आणि मग मास्तरांकडे वळून, “गुरुजी, मी विचारलं नसतं तं?”

“तर... तर तो प्रश्नच आला नसता.”

“म्हणजे तुमी सांगितलं नसतं.”

मास्तर उत्तराची जुळवाजुळव करत होते तेवढ्यात स्वयंपाकघरातून रमाबाई म्हणाल्या, “नसतं सांगितलं.”

इंदूबाई मास्तरांकडे पाहत राहिल्या. ती नजर मास्तरांच्या ओळखीची होती. ती नजर ते स्वतः दुसऱ्यांकडे टाकत. आपल्याकडे आलेली पहिल्यांदाच पाहत होते.

तरी घर त्यांना हवं होतं. धर्मपालनं हिशेब करूनच ठेवला होता. आताच्या भिंती पाडायच्या, दगडी खांबांवर वर राहायचं, खालचं मोकळं सोडायचं. नदी आली तर खालून येईल, खालून जाईल. किंमतही त्या बेतानं ठरली आणि दोन्हीकडून राजीखुशीनं ठरली. अट एकच, आणि ती इंदूबाईंची. घरात पुराचं पाणी छातीपर्यंत येतं हे खरेदीखतात लिहायचं.

“कशाला?” मास्तर म्हणाले. “तुम्हाला तर सांगितलंच आहे.”

“मले सांगितलं. उद्या आमाले घर विकाव लागलं तं? लोक म्हणतीन, पाहा, यांनी लपवून विकलं. तुमचं लपवणं लोक दोन दिवसांत विसरतात, गुरुजी. आमचं जन्मभर काढतात. कागदावर राहू द्या, कुणी दिलं अन् काय सांगून दिलं.”

मास्तरांना यात खोट काढता येईना. ते हो म्हणाले. इसाराचा दिवसही ठरला. त्या संध्याकाळी रमाबाईंनी ट्रंक पुसून उन्हात ठेवली.

दुसऱ्याच दिवशी गल्ली आली. गल्ली म्हणजे दोघं: शेजारचे देवराव, हे कचेरीतून निवृत्त झालेले कारकून, आणि समोरचे रविकांत वकील. देवरावांनी बसल्या बसल्या तंबाखू मळायला घेतली.

“मास्तर,” ते म्हणाले, “आमी काही जुन्या वळणाचे नाही. आता कायदा हाये, सगळे सारखे. मी तं दवाखान्यात त्या नर्सबाईच्या हातून सुई घेतली, मले काही झालं नाही. पण गल्ली म्हणजे गल्ली असते बापा. तिचं एक वळण असते.”

“पाणी येतं तेव्हा कुठं वळण बघतं?” रमाबाई दारातून म्हणाल्या. “तुमच्या घरात शिरतं तसंच आमच्या.”

“तेच तं म्हणून राहिलो वहिनी. पाणी आलं अन् तिचं घर खाली असलं, तं तिले माळ्यावर कोण घेईन? आपल्यालेच घ्याव लागन ना?”

“ते खांबांवर बांधताहेत. तुम्हालाच त्यांच्याकडे जावं लागेल, देवरावजी. घेतील की नाही ते बघा.”

देवरावांनी तंबाखू तोंडात टाकली, म्हणजे आता उत्तर द्यायला नको. रविकांत वकील खाकरले. त्यांना या सगळ्यात रस नव्हता, ते मुद्द्याचं बोलायला आले होते. “मास्तर, त्यांचं सोडा. कुणी का राहीना. मी कालच ऐकलं की खरेदीखतात तुम्ही पुराचं लिहून देताय. खरं आहे?”

“खरं आहे,” मास्तर म्हणाले. त्यांना विचारलं होतं.

“रजिस्ट्री झालेल्या कागदाची नक्कल कुणीही काढतो. उद्या माझ्या घराला गिऱ्हाईक आलं, त्याच्या वकिलानं गल्लीचा सर्च घेतला, तर तुमचा कागद त्याच्या हातात. शारदा गल्ली, अमुक घर, पाणी छातीपर्यंत. माझं घर तुमच्यापेक्षा एका पायरीनं खाली आहे. कोण घेईल?”

“आमचं कोण घेईन?” देवराव एकदम म्हणाले. तंबाखूसकट.

मास्तर त्यांच्याकडे पाहत होते. दोघंही किती हलके आहेत हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. पहिल्यांदा जात पुढे केली, ती चालेना तेव्हा पोटातलं पाणी बाहेर आलं. दोघांनाही त्यांनी मनात शून्य मार्क दिले. पण मास्तरांचा तिरस्कार हा घरातल्या घरात वापरायचा होता, बाहेर नेला की तो थंडीनं कुडकुडायचा.

देवराव उठताना म्हणाले, “तुमचं घर, तुमची मर्जी. पण मास्तर, पाऊस ठेपला हाये. वहिनीले मागच्या साली चौघांनी वर नेलं. लिहून देता तं द्या. मंग या वर्षी सतरंजी धराले चौघं तुमी कुठून आणता, ते पाहा.”

एवढं पुरलं. खरं तर एवढ्याचीही गरज नव्हती; घर विकलं गेलं तर रमाबाई श्रावणात तिथं असणारच नव्हत्या. अंकगणिताच्या मास्तरांना एवढी साधी वजाबाकी करता आली नाही. भ्यालेल्या माणसाला पाढे आठवत नाहीत.

ते इंदूबाईंच्या खोलीवर गेले. वाटेत त्यांनी वाक्य तयार केलं होतं. आयुष्यातलं पहिलं खोटं, म्हणून त्यांनी ते घोकून घोकून अगदी गुळगुळीत केलं होतं.

“घर माझ्या पुतण्यानं मागितलंय,” ते उंबऱ्यातूनच म्हणाले. “अचलपूरचा. घरातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?”

मास्तर आई-बापांना एकुलते एक होते.

इंदूबाईंनी स्टोव्हवरचं आधण उतरवलं. “बरं,” त्या म्हणाल्या. “पुतण्याले सांगितलं का, पाणी कुठवर येते?”

“सांगेन.”

“सांगा. त्यानं विचारलं नाही तरी सांगा.” आणि त्यांनी कपात चहा गाळायला घेतला. “बसा. चहा घेऊन जा.”

“नको. आज उपास आहे.”

“कशाचा उपास, गुरुजी?” धर्मपालनं खाटेवरून विचारलं. तो हसत नव्हता, पण त्याला चौकशी करायची सवय होती.

मास्तरांना तिथी आठवेना. एकादशी तर परवाच झाली होती. “घरचा,” ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले. चपला त्यांनी काढल्याच नव्हत्या.

परत आले तेव्हा रमाबाईंनी काही विचारलं नाही. तोंड पाहूनच त्या उठल्या, ट्रंक उघडली आणि दोघांचे कपडे वेगवेगळे करायला लागल्या, एका बाजूला स्वतःचे, एका बाजूला नवऱ्याचे. स्वतःचे तेवढे ट्रंकेत भरले.

“अगं, वैशाख संपायचाय अजून. दुसरं गिऱ्हाईक येईल.”

“येईल की. निंबावरचं घुबड बघायला येईल.”

“अनुपमाकडे मी कुठल्या तोंडानं यायचं?”

“तुम्हाला कुणी बोलावलं? तुम्ही राहा. तुमची गल्ली आहे, माळा आहे, सतरंजी धरायला देवराव आहेत.” त्या गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. “मी आजवर समजत होते, तुम्ही गर्विष्ठ आहात. गर्विष्ठ माणसाबरोबर राहता येतं. भित्र्याबरोबर पुरात राहता येत नाही.”

सकाळच्या अमरावतीच्या एसटीत त्या एकट्या चढल्या. मास्तरांनी ट्रंक टपावर चढवून दिली. खिडकीतून त्या काही बोलतील म्हणून ते गाडी हलेपर्यंत उभे राहिले. रमाबाई शेजारच्या बाईला, पाय पसरायला जरा जागा मिळेल का, एवढंच विचारत होत्या.

इंदूबाई आणि धर्मपालनी पुढे गावाच्या उंच अंगाला, स्टेशनाच्या पलीकडे, एक पडीक जागा घेऊन घर बांधलं. ती जागा घेतानाही त्यांनी आधी पाण्याचंच विचारलं असणार.

मास्तरांकडे त्या वैशाखात आणखी कुणी आलं नाही. देवरावांकडे आलं. मास्तरांच्या घरी बसून गल्लीचं वळण सांगत होते तेव्हाच त्यांच्या खिशात एक गिऱ्हाईक होतं: चांदूर बाजारहून बदलून आलेला पोस्टातला कारकून, कमलाकांत, आणि त्याची बायको कुंदा. देवरावांनी घर दाखवलं. कमलाकांतनं सर्च काढला, विहिरीत डोकावला, वरच्या देवांना नमस्कार केला. मास्तर आपल्या दारात उभे होते. कमलाकांतनं त्यांना विचारलं, “शेजारी कसे आहेत इथले?”

“चांगले आहेत,” मास्तर म्हणाले. देवराव त्यांच्याकडे बघून हसले. ज्येष्ठ लागायच्या आत त्यांनी घर कमलाकांतला विकून बिऱ्हाड हलवलं, थेट उंच भागात. सतरंजीच्या चार टोकांतलं एक टोक गेलं ते गेलंच. मास्तर मनात म्हणाले, हलकट. मनातच.

श्रावणात दुपारच्या वेळी मोर्णा आली. मास्तर सवयीनं शिडीवरून वर गेले. दोन्ही घरांमधली भिंत माळ्याच्या पातळीला कमरेएवढीच होती, त्यामुळे पलीकडचं सगळं दिसे. थोड्या वेळानं पलीकडे धडपड ऐकू आली. कुंदा आधी चढली, साडीचा ओला बोंगा धरून. मागून कमलाकांत, डोक्यावर गादी, गादीतून पाण्याची धार. खाली त्यांचं नवं कपाट भिंतीवर आपटत होतं. दोघं माळ्याच्या फळ्यांवर बसले.

मग कमलाकांतला पलीकडचे मास्तर दिसले. त्याच्या चेहऱ्यावर जरा धीर आला. गावात सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं की शेजारचे मास्तर कधी खोटं बोलत नाहीत.

“मास्तर,” तो ओरडला, “इथं नेहमी येतं का हो पाणी?”

प्रश्न स्वच्छ होता. मास्तरांनी विचार केला. खरं सांगितलं तर हा माणूस उद्या गावभर बोंब मारेल. रविकांत वकील समोरच्या माळ्यावर बसून कान देत होते. येत्या वैशाखात घर दाखवायचं होतं.

“नाही हो,” मास्तर म्हणाले. “मी तर पहिल्यांदाच पाहतोय.”

“मग ठीक आहे,” कमलाकांत बायकोला म्हणाला. “एखाद्या वर्षी येतं असं कुठंही. नशीब आपलं.”

कुंदा ऐकत नव्हती. ती भिंतीवरून वाकून मास्तरांच्या माळ्याकडे बघत होती. तिथं गादी घडी करून ठेवलेली होती, कोरडी. डाळ-तांदळाचे डबे ओळीनं. लाकडाची मोळी, मेणकापडात. पिण्याच्या पाण्याचा माठ, झाकण घातलेला. कंदील, आणि कंदिलाशेजारी रॉकेलची बाटली. एका कोपऱ्यात लोटा आणि त्याच्यासमोर लावलेला आडोसा.

“मास्तर,” ती म्हणाली, “पहिल्यांदाच आलंय, मग तुमचं सगळं आधीच वर कसं?”

मास्तरांनी स्टोव्ह पुढे ओढला आणि पंप मारायला सुरुवात केली. त्या स्टोव्हचा आवाज फार मोठा होता. तो चालू असला की माणसाला कुणी काही विचारलेलं ऐकू येत नसे, आणि मास्तरांनी तो चहा उकळून गेल्यावरही बंद केला नाही.